मापक नव्हता तिथला पाऊस

वळीव आणि परतीचा पाऊस सरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: पडला प्रचंड, पण किती पडला ते कुणी मोजलेच नाही. यंदाच्या पत्रांतले आठ प्रश्न निवडले आहेत. गणिते जिथे लागली तिथे पूर्ण करून दाखवली आहेत, म्हणजे आपापले आकडे घालून ती पुन्हा करता येतील.

आमच्या शिवारात दुपारी तीन ते साडेचार एवढ्या वेळात पाऊस असा कोसळला की बांध फुटले, ओढ्याकाठची माती खरवडून गेली. महसूल मंडळाच्या मापकावर मात्र त्या दिवशी ३१ मिलिमीटर. ६५ मिलिमीटरची अट असल्यामुळे आमचे गाव अतिवृष्टीत बसत नाही. मापक बिघडला असेल का?
– शेतकरी, बीड जिल्हा

बिघडला असेलही, पण तो ठणठणीत असतानाही असे घडू शकते, आणि वळवात तेच जास्त घडते. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आणि महसूल मंडळे दोन हजारांच्या थोडी वर. म्हणजे एका मापकाच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर मुलूख येतो. गडगडाटी ढगाचा सर्वात जोरदार गाभा जेमतेम दोन ते पाच किलोमीटर रुंद असतो. तो ज्या पट्ट्यावरून सरकतो तिथे झोडपतो, शेजारच्या गावात नुसती भुरभुर होते. दीडशे चौरस किलोमीटरमध्ये एकच मापक असेल तर गाभा त्याच्या डोक्यावरून जाण्यापेक्षा बाजूने जाण्याचीच शक्यता मोठी.

याची दोन उदाहरणे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिमी. तेव्हा शहरात फक्त कुलाब्याचाच मापक असता तर कागदोपत्री तो दिवस साध्या जोरदार पावसाचा ठरला असता. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ओढवलेल्या प्रलयाच्या रात्री तिथल्या मापकात १२.८ मिमी पाऊस नोंदला गेला. डोंगरउतारावरून आलेला चिखलमातीचा लोंढा मात्र वस्त्याच्या वस्त्या घेऊन गेला. तिथला पाऊस नंतर दगडगोट्यांच्या आणि पुराच्या खुणांवरूनच अजमावावा लागला.

आता मापकाच्या बिघाडाविषयी. स्वयंचलित मापकात बहुधा उलटसुलट होणारी दोन छोटी पन्हळी असतात. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते आणि एक टिचकी नोंदली जाते. कलंडायला सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात पडणारे पाणी मोजले जात नाही. संथ पावसात हा फरक नगण्य असतो. तासाला शंभर-दीडशे मिमीच्या वेगाने पाऊस पडत असेल आणि त्यासाठी दुरुस्तीचा गुणक लावलेला नसेल, तर दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त पाऊस नोंदीतून गळतो. दुसरा दोष म्हणजे नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पाखरांची शिट साचून भोक चोंदणे. तो ओळखायला सोपा आहे. दर काही मिनिटांच्या नोंदी मागवून घ्या. आभाळ मोकळे झाल्यावरही मापक तासन्‌तास एकसारखा बारीक पाऊस दाखवत असेल, तर ते आत तुंबलेले पाणी झिरपत असते. तिसरी शक्यता म्हणजे पावसाची तारीख. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे सुरू होऊन नऊपर्यंत चाललेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो आणि दोन्ही दिवस ६५ च्या आत राहू शकतात. तुमचा पाऊस दुपारचा असल्याने हे कारण तुम्हाला लागू नाही.

मंडळाचा आकडा तुमच्या मोजणीने बदलेल असे आम्ही म्हणत नाही. पण पंचनामा प्रत्यक्ष नुकसानीचा असतो. त्याच्यासोबत गावातल्या सहा-सात ठिकाणची, पद्धत लिहून केलेली मोजणी जोडली तर ‘आमच्याकडे जास्त पडला’ या वाक्याला आधार मिळतो. ती मोजणी कशी करायची ते पुढच्या उत्तरात आहे.

पाऊस थांबल्यावर अंगणातली रिकामी बादली पाहिली, तर पट्टीने १८ सेंटिमीटर पाणी भरले. म्हणजे १८० मिमी पाऊस झाला असे म्हणायचे का?
– शिक्षिका, सातारा जिल्हा

नाही, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर सविस्तर लिहायला हवे. बादली तळाशी निमुळती असते. पाऊस गोळा करते वरचे रुंद तोंड, आणि पाणी साठते खालच्या अरुंद भागात. त्यामुळे पट्टी नेहमी जास्त दाखवते.

समजा बादलीचे तोंड आतून २९ सेंमी, तळ २२ सेंमी आणि उंची २६ सेंमी आहे. १८ सेंमी उंचीवर बादलीचा व्यास २६.८ सेंमीच्या आसपास येतो. तेवढ्या पाण्याचे आकारमान होते सुमारे ८,४६० घनसेंमी, म्हणजे साडेआठ लिटरला थोडे कमी. तोंडाचे क्षेत्रफळ ६६० चौरस सेंमी. ८,४६० ला ६६० ने भागले की १२.८ सेंमी, अर्थात १२८ मिमी. पट्टीच्या आणि खऱ्या आकड्यात ५२ मिमीची तफावत पडली!

भूमितीत शिरायचे नसेल तर पाणी लिटरच्या मापाने किंवा औषधाच्या मोजपात्राने मोजून काढा, किंवा बादली पाण्यासकट आणि रिकामी अशी दोनदा वजनकाट्यावर ठेवा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर. मग मिलिलिटरला तोंडाच्या चौरस सेंमीने भागून दहाने गुणले की मिलिमीटर मिळतात. कोणत्याही आकाराच्या भांड्याला हे लागू पडते. कळशीसारख्या, पोट मोठे आणि तोंड लहान असलेल्या भांड्यात चूक उलट्या बाजूने होते: पट्टी कमी दाखवते. शिवाय कळशीचा बाहेर वळलेला काठ जास्तीचे पाणी आत घेतो की बाहेर टाकतो हे सांगता येत नाही, म्हणून कळशी, हंडा शक्यतो वगळावा. सर्वात उत्तम म्हणजे सरळ भिंतीचे, पूर्ण उघडे पिंप किंवा जनावरांचा सिमेंटचा हौद. तिथे पाण्याची वाढलेली उंची हाच पाऊस. घमेले उथळ असते आणि जोराच्या थेंबांनी त्यातले पाणी उसळून बाहेर जाते. त्याचा आकडा कमीच येणार.

मोजण्याआधी प्रत्येक भांड्याला चार प्रश्न विचारायचे. पावसाआधी ते रिकामे होते का, आणि हे कोण खात्रीने सांगते? वर पागोळी, झाड, पत्रा, तार असे काही होते का? ओट्यावरून किंवा फरशीवरून शिंतोडे उडून आत आले असतील का? आणि पाऊस थांबल्यापासून कुणी पाणी उपसले, जनावर प्याले, भांडे हलवले का? एकाही प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल तर भांडे यादीत ठेवा, पण त्यापुढे ‘शंकास्पद’ असे लिहा. काठोकाठ भरून वाहिलेले भांडेही टाकून देऊ नका. त्याची नोंद ‘किमान इतका’ अशी करायची. ३० सेंमी खोल, सरळ भिंतीचे भांडे भरून वाहिले तर पाऊस किमान ३०० मिमी होता, एवढे त्याने ठामपणे सांगितलेले असते. आधी त्यात पाणी होते की नाही याची तेवढी खात्री करा.

हे काम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत व्हायला हवे. मे महिन्याच्या उन्हात उघड्या भांड्यातून दिवसाला सहा-आठ मिमी पाणी सहज उडून जाते. त्याहून मोठा धोका म्हणजे घरातले कुणीतरी बादली उपडी करते आणि पुरावा संपतो. गावाच्या चारही दिशांना मिळून पाच-सात भांडी मोजा. दोन शेजारची भांडी एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असतील तर भरवसा ठेवायला हरकत नाही. एकच भांडे इतरांच्या दुप्पट दाखवत असेल तर आधी पागोळीचा संशय घ्या.

जगभरात ही पद्धत गंभीरपणे वापरली गेली आहे. १८ जुलै १९४२ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्मेथपोर्टजवळ साडेचार तासांत ७८२ मिमी पाऊस पडल्याची नोंद विक्रमांच्या यादीत आहे. तिचा आधार लोकांच्या घराबाहेर उघड्यावर राहिलेली भांडीच होती.

पावसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. सव्वाशे मिमी दिवसभरात पडणे आणि तासाभरात पडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसाच्या आठवणीतला ‘अर्धा तास’ वीस मिनिटांचाही असतो आणि पन्नासचाही. म्हणून मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींच्या वेळा, वीज गेल्याची उपकेंद्रातली नोंद, दूध संकलन केंद्राच्या कॅमेऱ्यातले चित्रण यांवरून सुरुवात आणि शेवट ठरवा.

आमच्याकडे बादल्या-पिंपे सगळी शेडमध्ये होती. पण अस्तर लावलेले शेततळे आहे आणि त्याच्या खुणेच्या पट्टीवर पाणी वाढलेले दिसले. त्यावरून पाऊस काढता येईल का?
– द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा

येईल, आणि फार चांगला येईल. प्लास्टिकचे अस्तर असलेले शेततळे म्हणजे एक अवाढव्य पर्जन्यमापक आहे. पाणी मुरत नाही, आणि बाजूच्या उतारावर पडलेला थेंबही आतच येतो. बाहेरचे पाणी आत आले नाही, पंप चालू नव्हता आणि तळे भरून वाहिले नाही, या तीन गोष्टींची खात्री मात्र हवी.

समजा पाणी वाढले २२ सेंमी. म्हणून पाऊस २२० मिमी झाला का? इथेही बादलीचाच नियम. समजा अस्तराची वरची कड ३४ गुणिले ३४ मीटर आहे, म्हणजे १,१५६ चौमी. पाण्याचा पृष्ठभाग पावसाआधी आणि नंतरच्या सरासरीने २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ चौमी. साठलेले पाणी ६७६ गुणिले ०.२२, अर्थात सुमारे १४९ घनमीटर. त्याला १,१५६ ने भागले की ०.१२९ मीटर, म्हणजे १२९ मिमी. बांधाच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला असेल आणि तिथले पाणीही तळ्यात येत असेल तर तोही भाग वरच्या क्षेत्रफळात धरा. तो विसरला तर पाऊस फुगून येतो.

बिनअस्तराच्या तळ्यावरून असे गणित करू नये. किती मुरले आणि शेतातून किती आत आले, दोन्ही अंदाजच असतात.

पाऊस पडला तो वरच्या डोंगरात. तिथे वस्तीही नाही आणि भांडेही नाही. ओढ्याला आलेल्या पुराच्या खुणा मात्र ठळक आहेत. त्यावरून वरचा पाऊस किती, हे काढतात म्हणे. कसे?
– ग्रामपंचायत सदस्य, अहिल्यानगर जिल्हा

काढतात. पण हा दोन पायऱ्यांचा प्रवास आहे. पुराच्या खुणेवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, काढायचा आणि विसर्गावरून पाऊस. दोन्ही पायऱ्यांवर अनिश्चितता वाढते. म्हणून शेवटचा आकडा एक नसतो, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा असतो. हे मान्य असेल तरच कामाला लागा.

आधी जवळपास सिमेंटचा नाला बंधारा किंवा सांडवा आहे का ते पाहा. असेल तर तो सर्वात खात्रीचा. माथ्यावरून पाणी मोकळे पडत होते अशा रुंद माथ्याच्या बंधाऱ्यासाठी विसर्ग म्हणजे १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. लांबी २० मीटर आणि माथ्यावरचे पाणी ०.९ मीटर असेल तर ०.९ चा दीड घात ०.८५४, आणि विसर्ग सेकंदाला २९ घनमीटर. पाण्याची उंची माथ्यावर मोजू नका. तिथे पाणी खाली झुकलेले असते. वरच्या बाजूला चार-पाच मीटर मागे, काठावरच्या खुणेवरून मोजा. खालच्या बाजूचे पाणी माथ्याच्या वर चढले होते असे दिसले तर हे सूत्र लावू नका.

बंधारा नसेल तर ओढ्याचा सरळ तुकडा निवडा, पाण्याच्या सरासरी खोलीच्या किमान ७५ पट लांब. खोली १.८ मीटर असेल तर निदान १३५ मीटर, आपण १५० धरू. वळण, मध्येच खडकाचा उंबरा, खाली मोरी तुंबलेली, असे काही नको. दोन्ही काठांवर खुणा शोधा: भिंतीवरची चिखलाची रेघ, काठावर ओळीने साचलेला काडीकचरा. बाभळीच्या खोडावर प्रवाहासमोरच्या बाजूने अडकलेला कचरा पाणी आपटून वर चढलेले असते म्हणून उंच असतो, तो घेऊ नका. फांद्यांवर लोंबणारा कचराही फसवतो, कारण पुरात फांदी वाकलेली होती, आता ती सरळ झाली आहे. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने वरच्या आणि खालच्या खुणेतला फरक काढा. समजा १५० मीटरमध्ये ६० सेंमी, म्हणजे उतार ०.००४. नळी पंधरा वेळा हलवावी लागते आणि दर वेळी दोन-तीन मिमीची चूक साचत जाते, म्हणून खालून वर परत मोजत या. किमान तीन ठिकाणी आडवे छेद घ्या.

आता पाण्याचा वेग काढायचे मॅनिंगचे सूत्र. आपल्या ओढ्याची रुंदी १२ मीटर, खोली सरासरी १.८, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ २१.६ चौमी. पाण्याने भिजलेली कड साधारण १५ मीटर. क्षेत्रफळाला कडेने भागून आलेल्या १.४४ चा दोन-तृतीयांश घात १.२७५. उताराचे वर्गमूळ ०.०६३. या दोहोंचा गुणाकार करून खडबडीतपणाच्या गुणांकाने भागायचे. दगडगोट्यांच्या, थोड्या झुडपांच्या ओढ्याला तो ०.०४५ धरला तर वेग सेकंदाला १.७९ मीटर आणि विसर्ग जवळपास ३९ घनमीटर. गुणांक ०.०३५ धरला तर ५०, आणि ०.०५५ धरला तर ३२. पुराच्या खुणा अचूक असूनही नुसत्या या एका निवडीने एवढा फरक पडतो.

दुसरी पायरी. पाणलोट, म्हणजे जिथले पाणी या ओढ्यात उतरते तो मुलूख, ३ चौरस किलोमीटर आहे असे धरू. विसर्गाला ३.६ ने गुणा आणि त्याला पाणलोटाचे क्षेत्रफळ गुणिले अपधावेचा गुणांक याने भागा, की ताशी मिमीत तीव्रता मिळते. अपधावेचा गुणांक म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून आलेला हिस्सा. तो ०.६ धरला तर तासाला ७७ मिमी येतात. इथेच सर्वात जास्त चुका होतात. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात आणि पहिला वळीव त्या भेगांत गडप होतो. तेव्हा ०.४ किंवा त्याहून कमी योग्य ठरेल. सप्टेंबरात जमीन तुडुंब भिजलेली असताना किंवा उघड्या कातळावर ०.८ सुद्धा कमी पडेल. दोन्ही गुणांकांची टोके धरली तर उत्तर ताशी ४८ पासून १५० मिमीपर्यंत पसरते. हंगाम आणि जमीन पाहून हा पल्ला निम्म्यावर आणता येतो. त्याहून अरुंद पल्ला कुणी सांगितला तर गुणांक कसे ठरवले ते विचारा.

ही तीव्रता किती वेळेची? पाणलोटाच्या टोकाचे पाणी खाली पोहोचायला लागते तेवढ्या वेळेची. अडीच किलोमीटर लांबी आणि दोन टक्के उतार असेल तर किर्पिचच्या सूत्राने हा वेळ ३६ मिनिटे येतो. म्हणजे आपण एवढेच म्हणू शकतो की सुमारे ३६ मिनिटांत ४६ मिमी पडला असावा. त्याआधी-नंतर पडलेला पाऊस या हिशेबात नाही.

तीन सापळे लक्षात ठेवा. वरचा पाझर तलाव किंवा मातीबांध फुटला असेल तर आलेला पूर पावसाचा नसून साठ्याचा असतो आणि सगळे गणित फोल ठरते. आधी वर जाऊन बांध पाहा. दुसरे, तीव्र डोंगरउतारावर लोंढ्यात पाण्यापेक्षा माती-दगडच जास्त असतील तर पाण्याची सूत्रे लागू होत नाहीत. काठावर मोठे दगड बांधासारखे रचले गेले असतील आणि माती-गोटे न निवडता एकत्र गोठल्यासारखे दिसत असतील तर तो चिखलाचा लोंढा होता. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत रॉबर्ट जॅरेट आणि जॉन कोस्टा यांनी नेमके हेच दाखवून दिले होते: असे लोंढे पाण्याचा पूर समजून मोजल्याने विसर्ग आणि पाऊस दोन्ही भरमसाट फुगत होते. तिसरे, पुराने ओढ्याचा तळ खरवडला असेल तर आज मोजलेला छेद पुराच्या वेळच्या छेदापेक्षा मोठा असतो. तळ खडकाचा असेल अशी जागा मिळाली तर सोन्याहून पिवळे.

मोबाइलवर रडारचे चित्र दिसते. आमच्या भागावर गडद लाल-जांभळा ठिपका होता. त्या रंगावरून तासाला किती मिमी हे सांगता येते ना?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

सांगता येते, पण त्या रंगामागे दडलेले गृहीतक ओळखून. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परतणारी ऊर्जा मोजते. ही ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. दुप्पट व्यासाचा एक थेंब लहान चौसष्ट थेंबांइतका उजळ दिसतो, पण पाणी त्यात आठ थेंबांचेच असते. म्हणून थेंब मोठे की लहान यावर सगळे ठरते. परतलेली ऊर्जा डेसिबलमध्ये मोजतात आणि तिच्यावरून पावसाचा दर काढायची सूत्रे वेगवेगळी आहेत. मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या सूत्रात ५३ डेसिबलचा ठिपका तासाला ७५ मिमी होतो. गडगडाटी पावसासाठी अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात तो १०४ होतो, आणि दमट सागरी हवेतल्या पावसाच्या सूत्रात २६२! रंग तोच, ढग तोच.

त्यात गारा असतील तर चित्र आणखी बिघडते, कारण ओली गार रडारला प्रचंड मोठ्या थेंबासारखी दिसते. म्हणूनच अमेरिकेच्या पद्धतीत ५३ डेसिबलच्या वरचे सगळे गारांच्या खाती टाकून पावसाचा दर तिथेच रोखतात. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या गारपिटीत जांभळ्या रंगावरून पाऊस काढायला जाऊ नये. शिवाय रडारचा झोत अर्ध्या अंशाने वर रोखलेला असला तरी १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. सह्याद्रीचा एखादा कडा आडवा आला तर पलीकडचे काहीच दिसत नाही.

एक उपयोग मात्र नक्की करा. रडारचा आकार आणि हालचाल खरी असते. ठिपका कोणत्या गावांवरून किती मिनिटे रेंगाळला हे पाहून आपली पाच-सात भांड्यांची मोजणी त्या पट्ट्यात बसवता येते. मोजलेल्या दोन-तीन जागी रडारचा आकडा किती पटीने चुकतो ते काढायचे आणि तीच दुरुस्ती मधल्या न मोजलेल्या शिवाराला लावायची. आमच्या मते मापक नसलेल्या ठिकाणी रडारचा हा सर्वात प्रामाणिक वापर आहे.

उपग्रहाच्या संकेतस्थळावर आमच्या तालुक्याचा दर अर्ध्या तासाचा पाऊस मिळतो. बातमीत तो आकडा द्यावा का?
– वार्ताहर, नांदेड

गावाचा म्हणून देऊ नका. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या ‘आयमर्ग’ या उपग्रहांच्या पाऊस-नोंदींच्या मालिकेचा एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण ११ गुणिले ११ किलोमीटरचा असतो. तीन किलोमीटरच्या गाभ्यात १२० मिमी आणि बाकी चौकोनात १५ मिमी पडला तर सरासरी वीसच्या घरात येते. उपग्रह चुकला नाही, त्याने सरासरी सांगितली. जलदगतीने येणाऱ्या पहिल्या आवृत्तीत त्या वेळच्या मापकांशी ताडून केलेली दुरुस्ती नसते. मापकांशी ताडून पाहिलेली अंतिम आवृत्ती काही महिन्यांनी येते. जिल्हाभराचे चित्र सांगायला हे उत्तम, एका ओढ्याच्या पुराचे कारण सांगायला अपुरे.

आणि ‘ढगफुटी’ हा शब्द जपून वापरा. आपल्या हवामान खात्याच्या व्याख्येत तासाभरात १०० मिमी, तेही साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरवर, एवढे असावे लागते. मोजणी नसेल तर ‘ढगफुटीसदृश’ म्हणण्यापेक्षा ‘दीड तासात अमुक भांड्यांत अमुक मिमी’ असे लिहिले तर वाचकाच्या हाती काहीतरी लागते.

गावातल्या रस्त्याखालच्या मोरीचे आकारमान ठरवायचे आहे. जवळच्या मापकाचे फक्त रोजचे आकडे आहेत, तासाचे नाहीत. एक-तृतीयांश घाताचे सूत्र वापरले तर चालेल का?
– कनिष्ठ अभियंता, यवतमाळ जिल्हा

चालेल, डोळे उघडे ठेवून. सूत्र असे: हव्या त्या तासांना २४ ने भागा, घनमूळ काढा, २४ तासांच्या पावसाने गुणा. २४ तासांचा पाऊस १५० मिमी असेल तर एका तासाचा ५२ आणि अर्ध्या तासाचा ४१ मिमी येतो. दिवसभर चालणाऱ्या मोसमी पावसाला हे बऱ्यापैकी जुळते. वळवात मात्र दिवसाचा बहुतेक पाऊस तासाभरातच पडून गेलेला असतो. तिथे हे सूत्र धोकादायकपणे कमी आकडा देते. लहान पाणलोटाची मोरी वळवातच वाहून जाते, हे लक्षात घेऊन तासाचा पाऊस म्हणून दिवसाच्या पावसाचा बराच मोठा हिस्सा धरूनही एकदा तपासा.

आणखी एक दुरुस्ती करावी लागते. साडेआठ ते साडेआठ मोजलेला वर्षातला सर्वात मोठा दिवस आणि कोणत्याही सलग २४ तासांतला सर्वात मोठा पाऊस हे एकच नसतात. दुसरा सरासरीने सुमारे १३ टक्क्यांनी जास्त असतो. दैनिक आकड्यांचे विश्लेषण करून आलेल्या किमतीला आधी १.१३ ने गुणा, मग वरचे सूत्र लावा.

गावकऱ्यांना जुन्या पुराची पातळी विचारा आणि आधीच्या प्रश्नात दिलेल्या रीतीने तिचा विसर्ग काढा. आकडेमोडीतला पूर त्याहून लहान येत असेल तर आकडेमोड चुकली आहे.

पुढच्या पावसासाठी घरीच मापक करता येईल का? स्वस्तात आणि मुलांना हाताळता येईल असा.
– वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

जरूर करा. २० सेंमी तोंडाचे, उभ्या काठाचे नरसाळे आणि झाकणाचा पाण्याचा कॅन घ्या. तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौसेंमी, म्हणून ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिमी पाऊस. कॅन निवडताना कोकणचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवा. १० लिटरच्या कॅनमध्ये ३१८ मिमीच मावतात, तुमच्याकडे २० लिटरचा हवा. तेवढा मोठा नको असेल तर ११.३ सेंमी तोंडाचे नरसाळे घ्या. त्याचे क्षेत्रफळ १०० चौसेंमी असल्याने १० मिलिलिटरला एक मिमी असा सरळ हिशेब होतो आणि १० लिटरमध्ये हजार मिमी बसतात. नरसाळ्याचे भोक निदान बोटभर रुंद ठेवा, नाहीतर जोराच्या सरीत पाणी वर तुंबून काठावरून सांडेल. कॅनच्या तोंडाशी हवा बाहेर पडायला बारीक छिद्रही हवे. ते नसले तर आत अडकलेली हवा पाणी उतरू देत नाही, आणि नेमका सर्वात मोठ्या पावसात मापक फसतो.

कॅन निम्मा जमिनीत पुरा किंवा दगडांनी पक्का करा. काठ जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि समतल हवा. माड, भिंत, पत्रा यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. आठ मीटरच्या घरापासून सोळा मीटर. गच्चीवर ठेवू नका, तिथे वारा उसळून थेंब नरसाळ्यावरून पुढे नेतो.

रोज सकाळी साडेआठला मोजा. जोराची सर आली की थांबल्यावर लगेच एकदा मोजा आणि ते पाणी फेकून न देता पुन्हा कॅनमध्ये ओता, म्हणजे दिवसाची बेरीज बिघडत नाही. वहीत तारीख, सर सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, मिलिलिटर आणि मग मिमी, या क्रमाने लिहा. मिलिलिटरचा मूळ आकडा कधीही गाळू नका, कारण मिमी काढताना झालेली चूक त्यावरूनच पुढे दुरुस्त करता येते. शून्य पाऊस असलेल्या दिवशी ‘०’ लिहा. जागा कोरी राहिली तर पाऊस नव्हता की मोजलाच नाही हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.